आईला गाडी लागते

माझ्या आईला गाडी लागते. लागते म्हणजे हवी असते असं नव्हे. आत बसली की लागते. एसटी, जीप, रिक्षा, टेम्पो, कशातही बसवा. डिझेलचा वास नाकात शिरला की तिचा चेहरा आधी पिवळसर होतो आणि मग हिरवट. मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे या दोन छटांमधलं अंतर मला बरोबर कळतं. पहिली दिसली की खिडकी उघडायची. दुसरी दिसली की गाडी थांबवायची आणि आपण दुसरीकडे बघायचं.

वडील गेल्यापासून आई इंदापूरच्या बाहेर पडलेली नव्हती. पायी जिथवर जाता येतं तेवढं तिचं जग. भाजीबाजार, मारुतीचं देऊळ आणि माझ्या शाळेचं फाटक. फाटकाशी ती अधूनमधून डबा घेऊन येते. मी डबा विसरलेला नसतो, पण तिला चालायला निमित्त लागतं.

तिचं माहेर भीमेच्या काठचं. उजनी धरण झालं आणि ते गाव पाण्यात गेलं. माणसं वर रस्त्याकडेला नव्या गावात राहायला आली, देवही आणले, पण आईनं त्या नव्या गावाला माहेर कधी म्हटलं नाही. "ते माझ्या भावाचं गाव," म्हणायची. एखाद्या कडक उन्हाळ्यात धरणाचं पाणी फार मागं हटलं, तर जुनं गावठाण थोडे दिवस उघडं पडतं. मग पाणी येतं आणि पुन्हा झाकून टाकतं. आईनं ते उघडं पडलेलं एकदाही पाहिलेलं नव्हतं.

यंदा होळीच्या सुमारास माझा मामेभाऊ शंभूराज घरी आला. त्याची शेती त्या नव्या गावात. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "आत्या, यंदा पानी लई खाली चाललंय. मे म्हैन्यात जुनं गाव उघडं पडंल बघ." त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. निळसर पाणी आणि त्यातून वर आलेली काळी चिखलाची जीभ. आईनं तो फोटो खूप वेळ पाहिला. मग मोबाइल परत दिला, मेथीची जुडी पुढ्यात ओढली आणि म्हणाली, "मला काय उपेग? मला गाडी लागती."

एवढंच बोलली. पण त्या वाक्यानं मी विजेची गाडी घेतली.

खरं सांगायचं तर ती गाडी माझ्या मनात आधीपासून तरंगत होती. वर्गात पोरं माठाच्या चित्राला छाया देत असताना मी खिडकीतून बाहेर बघत बसतो, हे मुख्याध्यापकांनी माझ्या गोपनीय अहवालात लिहिलेलंच आहे. त्या खिडकीतून मला एक गाडी दिसायची. तिला आवाज नाही, धूर नाही, वास नाही. उसाच्या दोन भिंतींमधून ती माशासारखी सरकत चालली आहे आणि आत आई बसली आहे, तिच्या चेहऱ्याचा रंग तिचा स्वतःचाच.

बायकोला, म्हणजे योगिनीला, मी हे सांगितलं. ती कळसच्या प्राथमिक शाळेत गणित शिकवते. तिनं विचारलं, "अहो, गाडी आईंना हवीय की तुम्हाला?"

"आईला."

"बरं," ती म्हणाली, "म्हणजे दोघांना."

आम्ही बारामतीला गेलो. शोरूममध्ये प्रतिक्षा नावाची एक हसरी मुलगी होती. तिनं आम्हाला गाडीत बसवून बारामतीच्या रुंद, झाडांच्या रस्त्यांवरून फिरवून आणलं. मला फक्त पानांची सळसळ ऐकू येत होती आणि टायरखाली खडी कुजबुजल्यासारखी. मी डोळे मिटले. योगिनीनं कोपरखळी मारली, कारण गाडी मी चालवत होतो.

"सर, ही गाडी घेतली की तुमचा खर्च संपला," प्रतिक्षा म्हणाली. "पेट्रोल नाही, ऑइल नाही, काही नाही. चार्जरसुद्धा मोफत. बसवायचा खर्च तेवढा."

मराठी भाषेत 'तेवढा' हा फार गरीब दिसणारा शब्द आहे. तो दाराशी चप्पल काढून, अंग चोरून आत येतो आणि मग आख्खं घर व्यापतो. विम्याचा हप्ता तेवढा. टायर जरा लवकर झिजतात, ते तेवढे. आणि मी निवडलेला रंग, पहाटेच्या उजनीसारखा, राखाडीतून निळ्यात शिरणारा, त्याचे तेवढे जादा. योगिनी बोटांवर बेरीज करत होती. बोटं संपली तेव्हा तिनं माझी घेतली.

गाडी घरी आली. आमचे शेजारी विजयसिंहआबा फाटकातच उभे होते. आबा साखर कारखान्याच्या वाहन विभागातून निवृत्त झालेले, दारात जुनी डिझेल जीप, आणि कुठल्याही यंत्रावर मत तयार. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, बॉनेटवर टिचकी मारली आणि कान लावला.

"सर, हिच्यात इंजिन न्हाय?"

"नाही, आबा."

"मंग बिघडलं तर मेस्त्रीनं बघायचं काय?"

मी म्हणालो, "ही बिघडतच नाही." आबांनी माझ्याकडे, लग्न ठरलेल्या मुलाकडे बघतात तसं बघितलं.

चार्जर बसवायला घरचा वीजभार वाढवून घ्यायला हवा होता. त्यासाठी मी वीज कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला.

"कनेक्शन कुणाच्या नावावर आहे?"

"वडिलांच्या."

"मग त्यांना सहीला पाठवा."

"ते वारले, साहेब."

"कधी?"

"बरीच वर्षं झाली."

साहेबांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. "पण बिल तर दर महिन्याला वेळेवर भरतायत!"

वडिलांविषयी इतकं चांगलं बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं. मी जरा हळवा झालो. साहेबही चांगले होते. त्यांनी मला चहा पाजला आणि समजावलं की बिल भरायला माणूस हयात असावा लागत नाही, पण जादा वीज मागायला असावा लागतो. आधी कनेक्शन माझ्या नावावर करा, त्यासाठी वारसांची संमती आणा. वारस तीन. आई, मी आणि बावड्याची माझी थोरली बहीण म्हाळसाताई.

तोवर चार्जिंगचं काय? हायवेवरच्या एका हॉटेलच्या आवारात चार्जर होता. गाडी तिथं लावायची आणि भरेपर्यंत थांबायचं. हॉटेलात नुसतं बसून राहणं मला जमत नाही. वेटर आला की माझ्या तोंडून आपोआप "दोन मिसळ" असं निघतं. मिसळ संपते, गाडी अर्धीही भरलेली नसते, मग भजी. मग चहा. मग योगिनी म्हणते, आता जेवूनच जाऊ. पेट्रोलवाचून वाचलेले सगळे पैसे आम्ही खाऊन टाकले, आणि माझा शर्ट पोटावर तटतटू लागला. विजेच्या गाडीचा हा खर्च कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेला नसतो.

पण त्या हॉटेलबद्दल मला वाईट बोलवत नाही. संध्याकाळी तिथल्या बाजल्यांवर आम्ही दोघं बसायचो. योगिनी पेपर तपासायची, मी तिचं रेखाचित्र काढायचो. मागून सोलापूरकडे ट्रक जायचे, त्यांचे दिवे एकामागून एक लागायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काहीही न करता आम्ही एकमेकांशेजारी एवढा वेळ कधी बसलो नव्हतो. एकदा गाडी पूर्ण भरल्याचा मेसेज आला तर योगिनी म्हणाली, "झाली पण?" आणि तिनं आणखी एक पेपर पुढं ओढला.

असो. मी बावड्याला गेलो. ताईनं आधी खाऊ घातलं, मग ऐकून घेतलं.

"सही देते की. मी कुठं न्हाय म्हनते?" ती म्हणाली. "पर पोरीचा साखरपुडा हाय. तुझी गाडी नवरदेवाला दे दोन दिस."

"ताई, अगं नवी आहे..."

"तिला पेट्रोल कुठं लागतंय? फुकट पळती म्हनं."

इथं मला या गाडीचा सगळ्यात मोठा खर्च कळला. पेट्रोलची गाडी मागताना माणसाला जरा लाज वाटते, निदान टाकीत थोडं घालून परत करतात. विजेची गाडी मात्र देवळातल्या घंटेसारखी. कुणीही यावं, वाजवावं. ताईच्या सासरचे गेले दवाखान्यात, आबांची सून गेली केसांच्या क्लासला, शाळेच्या शिपायाची सासू गेली बारामतीला डोळे तपासायला. प्रत्येकाला मीच नेलं. प्रत्येकजण उतरताना प्रेमानं म्हणायचा, "सर, तुमचं बरंय, खर्च न्हाय."

साखरपुड्याला नवरदेवाला देवळापर्यंत मिरवत न्यायचं होतं. गाडी फुलांनी मढवली. पण ती चालू लागली तरी कुणाला कळेना. रस्त्यात एक म्हैस उभी होती, ती हलेना. एक म्हातारबुवा गाडीपुढून असे निवांत चालले होते की जणू गाडी हा त्यांचाच विचार आहे. शेवटी ताईच्या दिरानं गाडीपुढे हलगीवाला लावला. आवाज नको म्हणून एवढे पैसे घालून घेतलेल्या गाडीपुढे आवाज करायला माणूस, आणि त्याची बिदागी माझ्याकडून. माळा चिकटपट्टीनं लावल्या होत्या. काढताना त्यांच्याबरोबर दोन ठिकाणी पहाटेची उजनीही निघून आली.

सही मिळाली. नाव बदललं, भार वाढला. आता अर्थिंग, म्हणजे चार्जरची एक तार जमिनीत खोल गाडायची. त्यासाठी बिरदेव वायरमन आला. त्यानं अंगणात नजर टाकली.

"सर, अर्थिंग आन् देव, दोन्ही खोल पायजेत."

"किती खोल?"

"बगू की कुठवर जातंय."

खड्डा खणला जात होता. कोळसा आणि मिठाची पोती भिंतीशी उभी होती. दुपारी उन्हात एकदम खणकन आवाज झाला आणि खड्ड्यातून पाण्याचा फवारा माणसाच्या उंचीच्या वर गेला. त्या फवाऱ्यात इंद्रधनुष्य उमटलं. पूर्ण, सातही रंगांचं, आमच्या अंगणात, तुळशीच्या डोक्यावर. मी हातातली घमेली धरून बघत राहिलो. निळ्याच्या आतल्या कडेला आणखी एक पुसट जांभळा असतो, हे मी पोरांना इतकी वर्षं शिकवत आलो होतो. आज तो मला पहिल्यांदा दिसला.

"सर, पानी बघताय?" कंपाउंडपलीकडून विजयसिंहआबांचा आवाज आला. "ते माझं हाय!"

त्यांच्या नळाची जुनी पाइपलाइन आमच्या अंगणाखालून गेली होती. ती दुरुस्त होईपर्यंत, खर्च अर्थात माझा, आबा रोज सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून आमच्याकडे अंघोळीला यायचे. मी घराचा मालक, पण माझा नंबर त्यांच्यानंतर. आणि बंद दारामागून, पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून ते मला सल्ले द्यायचे.

"सर! बॅटरी गेली की गाडी गेली बघा!"

"आठ वर्षांची वॉरंटी आहे, आबा!"

"आठ वर्सांनी वॉरंटी कुठं असंल, गाडी कुठं असंल, आन् आपन कुठं असनार! साबन कुठं ठिवलाय?"

या सगळ्यात मे महिना निम्म्याहून अधिक सरला. चार्जर भिंतीवर हिरवा दिवा लावून बसला, पण आई अजून एकदाही गाडीत बसली नव्हती. मी म्हणायचो, चल, चौकापर्यंत जाऊ. ती म्हणायची, "जायचं तर तितंच. उगं कशाला पोटाला तरास?" मग एका सकाळी शंभूराजचा फोन आला.

"दादा, वरच्या धरणातनं पानी सोडनार म्हनत्यात. यायचं तर उद्याच या. मंग काय गाव दिसायचं न्हाय."

मी आईला सांगितलं. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून धपाट्यांचा वास आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली. मांडीवर धपाट्यांची पिशवी, मुठीत लिंबू. योगिनी मागं बसली. मी बटण दाबलं. गाडी निघाली.

"चालू कर की आता," थोड्या वेळानं आई म्हणाली.

"आई, आपण तहसील कचेरी ओलांडली."

तिनं बाहेर पाहिलं. दुकानं, बसस्टँड, कलिंगडांचे ढीग, सगळं मागं सरकत होतं आणि आत काहीच वाजत नव्हतं. तिच्या ओठांवर हळूच हसू आलं. मला आरशात योगिनीचे डोळे दिसले; तेही हसत होते. मला वाटलं, झालं. विमा, टायर, मिसळ, हलगी, आबांची पाइपलाइन, सगळं वसूल झालं.

हायवेला लागल्यावर पुढं एक ट्रॅक्टर आला, मी पाय उचलला. या गाडीची गंमत अशी की पाय उचलला की ती स्वतःच वेग ओढून धरते आणि त्यातूनही थोडी वीज परत भरून घेते. प्रतिक्षानं हे फार कौतुकानं सांगितलं होतं. मी पाय उचलायचो, गाडी मागं ओढायची. मी पाय टेकवायचो, गाडी पुढं झेपायची. असं चार-सहा वेळा झालं आणि मी सहज डावीकडं पाहिलं.

पिवळसर.

"आई?"

"काय न्हाय. चालव तू."

हिरवट.

मी आईकडची काच खाली केली, गाडी आतल्या रस्त्याला घेऊन एका कडुनिंबाखाली थांबवली आणि दुसरीकडे बघितलं. मागून योगिनीनं आईची पाठ धरली होती. माझ्या कानांत एकदम सगळे आवाज आले. हायवे, साळुंक्या, दूरचा पंप. डिझेल नाही, धूर नाही, वास नाही, आणि तरीही.

बरं वाटल्यावर आईच मला समजावू लागली. "तुझी गाडी ग्वाड हाय रं. पर ती कवा पळनार आन् कवा थांबनार, पोटाला आधी कळतच न्हाय. जीप निदान वरडून सांगती."

योगिनीनं सीट मागं पाडून आईला आडवं केलं, दारं उघडी ठेवली, झोप लागावी म्हणून मंद सनई लावली. मागून येणाऱ्याला दिसावं म्हणून मी दिवे लुकलुकत ठेवले. आई झोपली. आम्ही दोघं बाजूच्या बांधावर बसलो. उसावरून वारा येत होता, पाणी जवळ असल्याचा वास त्या वाऱ्याला होता. दिवे टिक टिक करत होते. माझाही डोळा लागला असावा, कारण मला गाडी पाण्याखालून सरकताना दिसत होती आणि आत आई खिडकीतून माशांना धपाटे देत होती.

जाग आली तेव्हा टिकटिक बंद होती. सनईही. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. गाडी आता खऱ्या अर्थानं शांत झाली होती.

मी मदतकेंद्राला फोन लावला. तिकडून एका मुलीनं गोड आवाजात विचारलं, "सर, आपण सुरक्षित ठिकाणी आहात का?"

"कडुनिंबाखाली आहे."

"मोठी बॅटरी किती भरलेली होती, सर?"

"काठोकाठ."

"मग छोटी उतरली असेल."

छोटी बॅटरी! मोठी बॅटरी कितीही भरलेली असो, तिला उठवायला एक छोटी असते, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे हत्ती तयार, माहूत झोपलेला.

"ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायर जोडून बघू का?"

"वॉरंटी जाईल, सर."

"दोरीनं ओढत नेली तर?"

"वॉरंटी जाईल. चाकं जमिनीला न टेकवता आणावी लागेल. आमची गाडी उद्या दुपारी पाठवते."

उद्या दुपारी. उद्या तिथं पाणी असणार होतं. आई उठून बसली होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. मी शंभूराजला फोन केला. तो ट्रॅक्टर आणि उसाची रिकामी ट्रॉली घेऊन आला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "चाकं भुईला न टेकता व्हय? मंग ट्रॉलीत घालू की."

मी हसलो. तो हसला नाही.

थोड्या अंतरावर शेततळ्याचा उंच बांध होता, रस्त्याकडून उतरता. शंभूराजनं ट्रॉलीचं मागचं फळकूट पाडून ती बांधाला लावली, मधल्या फटीवर फळ्या टाकल्या. आजूबाजूच्या रानातली माणसं न बोलावता आली. कुणी म्हणालं डावीकडं घ्या, कुणी म्हणालं उजवीकडं, आणि एकजण फक्त "सबूर, सबूर" म्हणत होता. त्याचंच सगळ्यांनी ऐकलं. मी आईला म्हणालो, "आई, उतर आता."

"न्हाय उतरनार."

"अगं, गाडी ट्रॉलीत चढवायचीय!"

"मला म्हाईत हाय. मी उतरले तर मला कोन चढवनार? माझं गुडघं तुझ्या गाडीपरास जुनं हायती, त्यास्नी कसली वारंटी न्हाय."

सगळी माणसं हसली. पहाटेच्या उजनीच्या रंगाची माझी गाडी, आत माझी आई ताठ बसलेली, आठ-दहा जणांच्या खांद्यांनी हळूहळू ट्रॉलीत शिरली. चाकांना दगड लावले, उसाच्या दोरांनी चारी बाजूंनी आवळली. योगिनी आणि मी ट्रॉलीवर चढून आपापल्या जागी बसलो. ट्रॅक्टरनं काळा धूर सोडला. डिझेल. मी श्वास रोखून आईकडे बघत राहिलो.

धूर नळकांड्यातून वर गेला आणि वाऱ्यानं दुसरीकडे नेला. ट्रॉली हलली. ती डुलत, कुरकुरत, चिखलाच्या वाळलेल्या चाकोरीतून बैलगाडीसारखी चालू लागली. प्रत्येक खड्डा आधी वाजून सांगत होता. आईच्या चेहऱ्याचा रंग तिचा स्वतःचाच राहिला.

आम्ही उसाच्या वर होतो. मी जन्मभर उसाच्या मधून गेलोय, वरून कधी गेलो नव्हतो. हिरव्या शेंड्यांचं एक मोठं पाणी आमच्या दोन्ही बाजूंना हलत होतं आणि आम्ही त्यावरून चाललो होतो. पुढं, लांब, उजनीची पांढरी रेघ चमकत होती. मी सवयीनं स्टिअरिंग धरलं होतं. शंभूराज वळला की मीही वळवत होतो. मागं योगिनी हसून हसून दमली होती. मग तिनं पुढं वाकून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि तशीच राहिली.

नव्या गावाशी शंभूराजनं ट्रॅक्टर हळू केला. आईनं खिडकीतून डोकं काढून हाक दिली, "घराकडं नगं रं! खाली घे. गावाकडं."

तो खाली उतरला, रस्ता संपेपर्यंत. पुढं भेगाळलेली काळी जमीन होती, शिंपले पसरलेले, आणि लांब पाण्याच्या कडेला गुलाबी-पांढरे रोहित पक्षी एका पायावर उभे. दोघा-तिघांनी मिळून आईला खुर्चीसारखं उचलून खाली ठेवलं.

गाव असं काही नव्हतंच. जोत्यांचे दगड होते, काही ओळीत, काही वाहून गेलेले. आई चालू लागली. इकडे गेली, थांबली, परत फिरली. एका दगडाला हात लावला, मान हलवली. पुन्हा पुढं. मी मागं मागं होतो. मला तिचं तोंड दिसत नव्हतं आणि बघायची हिंमतही होत नव्हती. मला वाटत होतं, इतका खटाटोप करून मी तिला इथं आणलं आणि इथं तर चिखलाशिवाय काहीच नाही. शंभूराज माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, सगळं वाहून गेलंय रं. घर सापडायचं न्हाय तिला."

तेवढ्यात आई एका जागी थांबली. तिथं बाकीच्या जमिनीसारखीच जमीन होती. तिनं पायातल्या चपला काढल्या, नीट बाजूला ठेवल्या आणि मांडी घालून बसली. पदर सारखा केला, पिशवी उघडली, धपाटे काढून पदरावर मांडले.

"या," ती म्हणाली. तिचा आवाज वेगळाच लागला, तरण्या पोरीसारखा. "लांबनं आलायसा. बसा, जेवा."

मी तिच्याकडे निघालो, सरळ, मधल्या मोकळ्या जमिनीवरून. दोन पावलं टाकली असतील नसतील तोच ती ओरडली.

"आरं, आरं! भिंतीतनं कुठं येतुयास? दार तिकडं हाय!"

मी थबकलो. माझ्यापुढं काहीच नव्हतं. उन्हात तडकलेला चिखल, वारा, त्यापलीकडे पाणी. मी तिनं दाखवलेल्या बाजूनं वळसा घालून गेलो. योगिनी माझ्यामागं आली, तिच्यामागं शंभूराज.

"वाकून या," आई म्हणाली. "चौकट बुटकी हाय."

आम्ही तिघांनीही चपला काढल्या, डोकी खाली केली आणि वाकून आत गेलो.